फुलं पडू रायली

दरवर्षी पाडव्याच्या मागेपुढे एका सकाळी मोठ्या मायचा फोन येतो. ख्यालीखुशाली विचारण्यात ती वेळ घालवत नाही. "फुलं पडू रायली. येतं का वो?" एवढंच. कोणती फुलं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. फागुन-चैत्रात झाडीपट्टीत पळस फुलतो, पांगारा फुलतो, काटेसावर फुलते. पडतो तो मोह. नुसतं ‘फुलं’ म्हटलं की मोहाचीच.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आजी गेल्यापासून घरची मोहाची चार झाडं तिच्याकडे आहेत. दोन बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर, दोन जंगलाच्या कडेला. जंगलातलं कोणतं झाड कोणत्या घराचं, हे गावात पिढ्यांपासून ठरलेलं असतं. त्याचा कागद कुठेही नसतो आणि त्यावरून भांडणही क्वचितच होतं. गावाचं नाव मी सांगत नाही. गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना आतल्या रस्त्याला वळलं की लागतं, एवढं पुरे.

गेल्या काही वर्षांत गावातल्या बायकांनी एक नवी गोष्ट धरली आहे. फुलं भरात आली की एका रविवारी सगळ्या गावानं एकत्र बसून मोहाचं जेवायचं. बचत गटाच्या बायका, ग्रामसभेची मंडळी, गोंड टोला, मुख्य गाव, सगळे. तालुक्याहून येणारे साहेब त्याला ‘महोत्सव’ म्हणतात. पोरं ‘कार्यक्रम’ म्हणतात. मोठी माय ‘मोहाचं जेवण’ म्हणते, आणि मला तेच नाव खरं वाटतं.

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत एसटीनं वैनगंगा ओलांडली की वडसा. तिथून कुरखेडा. सती नदीचा पूल मागे पडला की खिडकीतून वास यायला लागतो. ज्यांनी तो कधी घेतला नाही त्यांना कसा सांगू? भिजलेल्या मनुकांचा, थोडा आंबूस, थोडा उग्र, उन्हात तापलेल्या गुळासारखा. रस्त्याकडेच्या प्रत्येक अंगणात फुलं वाळत घातलेली असतात. सकाळी टाकलेली फिकट पिवळी, कालची तांबूस, परवाची तपकिरी. अंगण बघून सांगता येतं की या घरात किती दिवसांपासून वेचणं चालू आहे.

पहाटे चार वाजता मोठ्या मायनं उठवलं. चहा नाही, चूळ भरायची आणि निघायचं. टोपली डोक्यावर, हातात बॅटरी, आणि चालताना मोठ्यानं बोलत राहायचं. हे बोलणं अस्वलासाठी. मोह अस्वलालाही आवडतो, त्यालाही हीच वेळ सोयीची असते, आणि वेचायला वाकलेला माणूस अचानक समोर आला की अस्वल घाबरून अंगावर येतं. आमच्या जिल्ह्यात फुलं वेचताना माणसं जखमी झाली आहेत, जिवानिशी गेली आहेत. 2021 च्या पावसाळ्यानंतर छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळपही इकडे आला. घरात साठवलेला मोह आणि धान हत्तीला लांबून कळतो. त्यामुळे आता बायका एकट्यादुकट्या जात नाहीत. पाच-सहा जणींचा घोळका करून, गप्पा मारत, मध्येच टोपली वाजवत जातात. लांबून बघणाऱ्याला वाटावं की कुणाच्या लग्नाला निघाल्यात.

झाडाजवळ पोचलं की मात्र सगळ्या गप्प होतात. कुणी सांगत नाही, आपोआप होतं. मग ऐकू येतं. टप्. थोडं थांबून टप्, टप्. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. एका रात्रीचं आयुष्य. अंधारात फांद्या दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. वाळल्या पानावर पडलेल्या फुलाचा वेगळा, मातीवर पडलेल्याचा वेगळा.

उजाडता उजाडता जमीन दिसू लागते आणि ती फुलांनी भरलेली असते. एक फूल उचलून नीट बघावं. बोराएवढं गोल, मळकट पांढरं, दवानं ओलं. पाकळ्या वेगळ्या नाहीत, सगळं मिळून एकच जाडसर, रसाळ बोंड, आतून पोकळ. दोन बोटांत धरलं की पिकल्या द्राक्षासारखं दबतं आणि बोटं चिकट होतात. तळाशी आरपार भोक असतं. त्या भोकातून एक हिरवी बारीक काडी वर राहिलेली असते, झाडावर, तांबूस मखमली वाटीत. त्या काडीच्या बुडाशी पुढे फळ धरणार असतं. म्हणजे खाली पडतो तो फक्त गोड भाग, ज्याचं झाडाकडचं काम संपलेलं असतं. रात्री वटवाघळं येऊन गेलेली असतात, परागीभवन झालेलं असतं, आणि मग झाड आपल्या फुलाचा गर खाली टाकून देतं. आपण कितीही वेचलं तरी त्याचं एक फळही कमी होत नाही. जंगलातून घ्यायच्या वस्तूंमध्ये असं बिनओरखड्याचं देणं मला दुसरं ठाऊक नाही.

वेचणं मात्र सोपं नाही. कमरेतून वाकून, एकेक फूल. तासाभरात माझी पाठ धरली. मोठी माय सत्तरीला आली आहे. ती उकिडवी बसते आणि बसल्या बसल्याच सरकत जाते, दोन्ही हातांनी, जणू निवडणं चाललं आहे. "पाय उचलून टाक, फुलं चिरडते," एवढंच मध्ये म्हणाली. ऊन चढेपर्यंत टोपली भरली. नऊ-दहाच्या पुढे पडलेली फुलं गरम होऊन मलूल पडतात, मुंग्या लागतात, आणि तोवर रानातली हरणं-सांबरं आपला वाटा उचलून गेलेली असतात. हंगाम तीन-चार आठवड्यांचा. या दिवसांत शाळेची हजेरी कमी होते, लग्नाच्या बैठका संध्याकाळी ठेवतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती झाकून मोहाचं कौतुक करणं बरोबर नाही. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची जुनी सवय आहे. ती आग कधी कधी हाताबाहेर जाते आणि डोंगर पेटतो. शिवाय झाडाखाली दरवर्षी जाळलं, झाडलं, वर गुरं चरली, की मोहाचं नवं रोप उगवून टिकतच नाही. आमच्या शिवारात आजोबाच्या वयाची झाडं आहेत, बापाच्या वयाची थोडी, नातवाच्या वयाची जवळपास नाहीत. म्हणून ग्रामसभेनं आता जाळण्यावर बंदी घातली आहे. पाला झाडून बाजूला ओढायचा किंवा झाडाखाली हिरवी जाळी बांधायची. जाळीत फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, वाकावंही लागत नाही.

वेचून आणलेल्या त्या टोपलीकडे बघताना मला दरवर्षी एक डबा आठवतो.

मी अकरा वर्षांची होते. पाचवीनंतर शिकायला मला शहरातल्या एका वसतिगृहात ठेवलं. जाताना आजीनं पितळी डबाभर मोहाचे लाडू दिले. त्यात साखर नाही, गूळ नाही. वाळलेली फुलं सुपात घासून त्यातले केसर काढायचे, मग फुलं मंद आचेवर खापरीत भाजायची. भाजताना फूल फुगतं, मऊ होतं, सगळं घर वासानं भरतं. मग भाजलेले तीळ घालून उखळात कांडायचं. फुलाच्याच गोडव्यानं लाडू वळला जातो. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीला ते हाताच्या चिकटपणावरून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पेट्यांची तपासणी झाली. डबा उघडला आणि बाई मागे सरकल्या. "ही तर दारूची फुलं," त्या म्हणाल्या. सगळ्या मुलींसमोर मला उभं केलं, घरी कोण कोण पितं ते विचारलं, आणि लाडू कचऱ्यात टाकायला लावले. माझ्याच हातानं. मी टाकले. एकही खाल्ला नाही, एकही लपवला नाही. त्या रात्री हाताला वास येत होता आणि मी साबणानं तीन वेळा हात धुतले.

उन्हाळ्यात घरी गेले. आजी उखळाशी बसली होती. तिनं गरम लाडू वळून माझ्यापुढे धरला आणि मी म्हटलं, "मले नको. दारूचा वास येते." आजीचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग तिनं लाडू डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. पुन्हा तिनं मला कधी मोहाचं काही विचारलं नाही. मी बारावी झाले त्या पावसाळ्यात ती गेली.

त्या बाईंचा राग मला बरीच वर्षं होता. पुढे वाचत गेले तसं कळलं की त्या एकट्या नव्हत्या. मुंबई इलाख्यात 1892 साली मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायदा झाला. आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता, पण नजर सगळीकडे तीच. सरकारला अबकारीचा महसूल हवा होता आणि ज्या फुलापासून घरोघर दारू गाळता येते ते फूल म्हणजे गळती. फूल माणसं खातात, गुरांना घालतात, पावसाळ्यात त्याच्यावर दिवस काढतात, हे हिशेबात दुय्यम ठरलं. स्वातंत्र्यानंतरही किती फुलं बाळगायची, कुठे न्यायची, कुणाला विकायची याला परवान्याच्या अटी राहिल्या. महाराष्ट्रात त्या निघाल्या 2021 साली. म्हणजे माझ्या आजीनं आयुष्यभर ढोलीत, घरातल्या साठवणीच्या कणगीत, जे साठवलं, ते सरकारी कागदावर कायम संशयित मालच होतं. स्वयंपाकघरातली वस्तू अशी पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांच्या भाषेत बोलली गेली की शाळेतल्या बाईही तीच भाषा बोलतात. आणि अकरा वर्षांची पोरगीही.

दारूचं दुःख खोटं होतं असं मात्र मला म्हणायचं नाही. ते आमच्या घरानंही पाहिलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात 1993 साली दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीमुळे, आणि त्या मोर्चांत मोठी माय चालली होती. गावातले मडके फोडणाऱ्या बायकांत ती पुढे होती. त्याच हातांनी ती दर चैत्रात फुलं वेचत राहिली. तिला यात कधी विसंगती वाटली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तांदराचीबी दारू होते. म्हनून भात सोडतं का?" (आमच्या बोलीत ‘ळ’ नाही. तांदळाचा तांदूर होतो, डोळ्याचा डोरा.)

रविवारी सकाळी गोंड टोल्यातून ढोल ऐकू आला. टोल्यात नवं फूल असंच तोंडात टाकत नाहीत. आधी देवाला, पूर्वजांना, मग माणसाला. नवं खाण्याच्या या सणाला गोंडीत पंडुम म्हणतात. आंब्याचा वेगळा, बियाण्याचा वेगळा, मोहाचा वेगळा. गावच्या गायत्यानं, म्हणजे पुजाऱ्यानं, मोहाच्या जुन्या झाडाखाली जागा सारवून घेतली, पानावर फुलं ठेवली, तांदळाचे दाणे टाकले. तो काय पुटपुटत होता ते मला कळत नव्हतं. शेजारची काकी हळूच म्हणाली, मागच्या वर्षी दिलंस, याही वर्षी दिलंस, पोरंबाळं सुखरूप रानातून परत येऊ दे, असं तो सांगतो आहे. गायत्यानं पहिलं फूल खाल्लं. मग सगळ्यांनी. मीही. ताजं फूल आधी नुसतं गोड लागतं, मग घशाशी किंचित कडसर होतं. पाच-सहा ठीक, जास्त खाल्ली तर डोकं जड होतं.

जेवण चिंचेच्या झाडाखाली होतं. मांडव असा नाही, वर हिरवी जाळीच ताणलेली, जी उद्या झाडाखाली जाणार. तीन दगडांच्या चुली ओळीनं, त्यावर जर्मनचे (अ‍ॅल्युमिनियमचे) गंज, म्हणजे मोठी पातेली. आदल्या संध्याकाळपासून बायका पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण टाचत होत्या. शाळेतल्या पोरांनी पुठ्ठ्यांवर पदार्थांची नावं लिहून काड्यांना लावली होती. बऱ्याच पदार्थांना नावच नव्हतं, म्हणून ‘मोह + लाखोरी’, ‘मोह + जवस’ असं गणितासारखं लिहिलं होतं.

एका चुलीवर ताजी फुलं धुऊन, पिळून रस काढत होत्या. त्या रसात तांदळाचं पीठ भिजवून धिरडी. शेजारी त्याच रसात मळलेल्या कणकेच्या पुऱ्या, तळायला मोहाच्याच बियांचं तेल. हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं, आमच्याकडे पूर्वी दिव्यालाही तेच आणि फुटलेल्या टाचांनाही तेच. लाखोरीच्या डाळीत घातलेला मोह होता, शेवग्याच्या फुलांची कोरडी भाजी होती, काटेसावरीच्या वाळवून ठेवलेल्या कळ्यांची रस्साभाजी होती. पाडव्याची आठवण म्हणून कडुलिंबाच्या फुलोऱ्याची चटणी, तीत कैरी आणि थोडा गूळ. पळसाच्या फुलांचं केशरी सरबत मातीच्या माठात. फुलांचंच जेवण होतं हे. पण पानात बसल्यावर फुलं खातोय असं कुणाच्या मनात येत नव्हतं. भूक लागलेली माणसं जेवत होती आणि वाढणाऱ्या बायका, "अजून घे ना बाप्पा, लाजतं कायले," म्हणत होत्या.

सगळ्यात शेवटच्या चुलीवर टोल्यातली एक म्हातारी एकटीच बसली होती. तिच्या गंजात काळपट, चिकट असं काहीतरी खदखदत होतं. पाहुणे तिकडे फिरकत नव्हते. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘मोह + चिंचोके’.

मी तिच्याजवळ बसले. चिंचोके आधी खापरीत फुटेस्तोवर भाजायचे. मग कांडून वरचं लाल टरफल काढायचं. आतला पांढरा गर दगडासारखा असतो, तो रातभर भिजवायचा. सकाळी उकळायला ठेवला की दुपारपर्यंत शिजतो. निम्मा मऊ झाला की वाळलेला मोह टाकायचा, चिमूट मीठ, आणि पाणी आटेस्तोवर ढवळत राहायचं. ढवळताना ती बोलत होती. आषाढात घरातलं धान सरायचं. रोवण्या चालू, कमरेएवढ्या चिखलात दिवसभर उभं राहायचं, आणि घरात दाणा नाही. अशा वेळी ढोलीतला मोह आणि मडक्यातले चिंचोके. सकाळी एक द्रोण खाल्ला की संध्याकाळपर्यंत पोट राहायचं. तिच्या आईनं तिला हे खाऊ घातलं, तिनं तिच्या पोरांना. तिच्या आजीच्या काळात मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हा गावात जे जगले ते याच्यावर जगले, असं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात लागोपाठ पडलेले दोन मोठे दुष्काळ इतिहासात नोंदलेले आहेत, 1896-97 आणि 1899-1900. ती कोणत्या दुष्काळाबद्दल बोलत होती ते मी विचारलं नाही. तिच्या आईनं तिला साल सांगितलं नव्हतं.

"आता कोनी खात नाही," ती म्हणाली. "रेशनचा तांदूर भेटते. चांगलंच हाय. पन पोरायले मालूम असाव."

मी द्रोण पुढे केला. पहिला घास जिभेला जड वाटला. चिंचोक्याचा चिवट, पिठूळ गर आणि त्यावर मोहाचा काळसर गोडवा, जळलेल्या गुळाच्या कडेला लागतो तसा. चावायला वेळ लागतो. तीन घासांत पोटाला आधार आल्यासारखं वाटतं. मी दुसरा द्रोण मागितला तेव्हा तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कोनाची तू?" मी आजीचं नाव सांगितलं. म्हातारीनं पळी खाली ठेवली. ती आणि आजी एकाच झाडाखाली वेचायच्या, म्हणाली. आजीचे हात जलद होते.

शहरात आता मोहाची कुकीज मिळतात, मोहाचं चॉकलेट मिळतं, पाकिटावर ‘सुपरफूड’ छापलेलं असतं. मला त्याचा राग नाही. गावातल्या गटाचे लाडूही पाकिटात जातात, त्यावर वजन आणि तारीख असते, आणि ते बघून मला अभिमान वाटतो. माझी चिंता दुसरी आहे. चैत्रात फुलं वाळली की घरात पैशाची निकड असते, तेव्हा व्यापारी स्वस्तात घेऊन जातो. आषाढात तीच फुलं त्याच घराला महाग पडतात. फुलाची किंमत शहरात वाढली आणि वेचणारीच्या ढोलीत ते उरलंच नाही, तर त्या वाढीचा तिला काय उपयोग? वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक हक्क मिळाले, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी ते एक. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी आपलं जंगल आपल्या हातात घेतलं. आमच्या ग्रामसभेनं गेल्या वर्षी ठरवलं की प्रत्येक घरानं आधी आपल्या खाण्यापुरता मोह ढोलीत भरायचा, उरलेला एकत्र करून ठेवायचा आणि भाव आल्यावर विकायचा. जेवणाच्या पंगती उठल्यावर याच गोष्टीवर बैठक झाली. आवाज चढले. दोन-तीन घरांनी आधीच व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती. त्यांचं काय करायचं ते ठरेपर्यंत दुपार कलली. शेवटी गटानं त्यांची उचल फेडायची आणि त्यांनी फुलं गटाला द्यायची असं ठरलं. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम ते होतं, आणि फोटो काढणारे पाहुणे तोवर निघून गेले होते.

रात्री अंगणात खाटा टाकल्या. वाळणाऱ्या फुलांचा वास चहूकडे. मोठी माय आडवी होऊन पाय चोळत होती. मी तिला डब्याची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वसतिगृह, तपासणी, कचऱ्याची पेटी, आणि मग उखळाजवळ आजीला म्हटलेलं ते वाक्य.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिले मालूम होतं."

"काय?"

"डबा फेकाले लावला ते. तुया बाप तुले भेटाले गेला होता ना, त्याले तिथल्या कोन्या पोरीनं सांगतलं. त्यानं घरी येऊन सांगतलं. बुढी दोन दिवस जेवली नाही." मोठ्या मायनं कूस बदलली. "म्हनूनच तुले काही बोलली नाही. मले म्हने, पोरगी लाजते तं लाजू दे, शिकाले गेली हाय. लाडू काय, मोह पडतच रायते."

मला झोप लागली नाही. चार वाजायच्या आधीच मी उठून बसले. मोठी मायही जागीच होती. आम्ही दोघी निघालो, वाटेत शेजारच्या बायका मिळाल्या, आणि पहिल्या तीन झाडांखाली हिरव्या जाळ्या बांधलेल्या दिसल्या. चौथ्या झाडाखाली जाळी नव्हती. ते आजीचं झाड. मी विचारलं की इथे का नाही बांधली, तर मोठी माय म्हणाली, जाळीत पडलं की आवाज होत नाही.

तिनं पदर सावरला, बुंध्यापासून थोडं अंतर ठेवून जमिनीवर बसली आणि मला शेजारी बसायला खूण केली. टोपल्या रिकाम्या होत्या. अजून काही दिसत नव्हतं.